उभी गाडी आणि रस्त्याचा हक्क



काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक नमाजी माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी नवी गाडी घेतली होती आणि तेरा वर्षांची जुनी विकायला काढली होती. मनासारखा भाव येईना, म्हणून ती मशिदीकडे येणाऱ्या गल्लीतच चार महिने उभी होती. काचेला ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी. विमा मध्यंतरी संपलेला. ते म्हणाले, “मौलाना, गाडी जागची हलत नाही. शिवाय विमा शरीअतमध्ये जायज नाही, हे आपणच सांगता. मग हप्ता भरला नाही तर बिघडले कुठे?” मी घाईत होतो. हलतच नसेल तर राहू द्या, असे काहीसे बोलून मी उठलो.

पुढच्या जुम्याला त्याच गल्लीतून एक जनाजा निघाला. एरवी खांदेकरी सहज जातील एवढी ती वाट आहे. गाडीपाशी मात्र जनाजा खांद्यावरून उतरवून हातांवर तिरका धरावा लागला. एका वृद्धाचा पाय गटाराच्या काठावरून घसरला. लोकांनी सावरले, ही अल्लाहची कृपा. गाडीचे मालक तेथेच होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते आणि मीही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

त्या रात्री मी ‘हिदाया’ उघडली. बाराव्या शतकातील इमाम मर्गीनानी (रह.) यांचा हा ग्रंथ आम्ही मदरशात शिकलो होतो, परीक्षेपुरता, असे आता वाटते. जनावरांमुळे होणाऱ्या हानीच्या प्रकरणात त्यात एक सूक्ष्म भेद केलेला आहे. स्वार रस्त्याने जात असताना जनावराने मागच्या पायाने लाथ मारली, तर त्याची भरपाई स्वारावर नाही, कारण चालत्या जनावराची ती लाथ टाळणे त्याच्या हाती नसते. पण तेच जनावर त्याने रस्त्यात उभे करून ठेवले आणि मग त्याने लाथ मारली, तर भरपाई द्यावी लागते. चालणे ही रस्त्याची गरज आहे. उभे करणे हा मालकाचा निर्णय आहे, आणि तो टाळता आला असता. म्हणजे ‘हलत नाही’ ही जी सबब मी मान्य केली होती, तीच फुकहांच्या दृष्टीने मालकाची जबाबदारी वाढविणारी होती.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. १९८७ साली महाराष्ट्रातील एका राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी, तो तसाच निश्चल पडलेला असताना, गळणाऱ्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि माणसे दगावली. वाहन चालूच नव्हते, तर त्याचा ‘वापर’ कसा म्हणावा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. थांबलेले, बंद पडलेले वाहनही वापरातच मोडते, असा निर्वाळा न्यायालयाने १९९१ मध्ये दिला.

आता विम्याकडे वळू. निश्चित हप्त्याच्या व्यावसायिक विम्यात मोठा गरर, म्हणजे व्यवहार बिघडविणारी अनिश्चितता आहे, म्हणून तो शरीअतसंमत नाही, असे जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ साली ठरविले आणि परस्पर सहकार्याच्या विम्याचा पर्याय सुचविला. मीही हेच सांगत आलो आहे आणि त्यात बदल करीत नाही. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक जागी वाहन वापरणाऱ्याला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला आहे. ही आपली निवड नाही, ही कायद्याने आणलेली निकड आहे, आणि अशा निकडीत उलमा त्याची मुभा देतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कायद्याने सक्तीचा नाही. ज्याला पथ्य पाळायचे आहे, त्याने ते तेथे पाळावे. माझा अनुभव उलटा आहे. नव्या गाडीचा महागडा संपूर्ण विमा उतरविताना कोणी माझ्याकडे फतवा मागायला येत नाही. जुन्या गाडीचा थोडका हप्ता वाचविताना शरीअत आठवते.

विम्याविना वाहन वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण खरा धोका दंडाचा नाही. रात्री त्या गाडीचा ब्रेक सुटला, वायर पेटली, एखादे मूल जखमी झाले, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाईल आणि ती न फेडता तो वारला तर ते कर्ज उरेल. ज्याच्यावर कर्ज होते आणि फेडायला मागे काही नव्हते, अशा एका सहाबीच्या जनाजाची नमाज पढविण्यास प्रेषित मुहम्मद (सल्ल.) पुढे झाले नाहीत, ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज अंगावर घेतल्यावरच त्यांनी नमाज पढविली. बुखारीत हा प्रसंग आहे.

गाडी स्वतःच्या आवारात असेल तर गोष्ट वेगळी. मात्र गिऱ्हाइकाला फेरी मारून दाखवायला ती फाटकाबाहेर काढली की विमा हवाच, प्रदूषण प्रमाणपत्रही हवे. आणि सोसायटीची सामाईक जागा म्हणजे आपले आवार नव्हे. तेथे शेजाऱ्यांची संमती लागते. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारशी सोडलेले वाहन उचलून नेण्याचा आदेश पोलीस देऊ शकतात. तसे क्वचितच घडते, म्हणून आपण निर्धास्त असतो. रस्त्यात बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या, आणि कोणाला त्रास देऊ नका, अशी ताकीद प्रेषितांनी (सल्ल.) बसणाऱ्या माणसांना दिली होती. ती माणसे निदान उठून वाट तरी देऊ शकत होती.

विक्रीविषयी थोडे. हनफी फिक्हनुसार ‘सर्व दोषांसह, आहे तशी’ या अटीवर वस्तू विकता येते आणि तो करार वैध ठरतो. पण माहीत असलेला दोष झाकणे हा गुन्हा त्या अटीने धुतला जात नाही. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (सल्ल.) आतली ओल शोधली आणि ती वर का ठेवली नाही, असे व्यापाऱ्याला विचारले. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या भागीदाराने सदोष कापड दोष न सांगता विकले, तेव्हा इमामांनी त्याची सगळी किंमत सदका करून टाकली. गिअर अडकतो, तळाला गंज आहे, इंजिन तेल पिते, हे पैसे ठरण्याआधी बोलायचे.

किल्ली आणि पैसे हातोहात झाले की शरीअतच्या दृष्टीने मालकी बदलते, पण सरकारी नोंदीत नाव आपलेच राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, गाडी अनेक हातांतून गेलेली असतानाही, नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकालाच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरले. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आहे, नाव बदलण्याच्या अर्जासाठी नमुना ३०. दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत सूरह अल-बकरामध्ये आहे आणि ती व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण ती तरावीहमध्ये ऐकतो आणि ‘भाई, विश्वास आहे ना’ म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी त्या नमाजींच्या घरी गेलो आणि माझे उत्तर मागे घेतले. त्यांनी त्याच दिवशी थर्ड पार्टी विमा काढला आणि गाडी मेव्हण्याच्या अंगणात नेऊन लावली. दोष सांगितल्यामुळे किंमत कमी आली, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. परवा त्यांनी मोबाईलवर नोंदणीतील बदललेले नाव दाखविले. गल्लीत त्या जागी आता कोणाची तरी दुचाकी उभी असते. तिच्या मालकाचा शोध मी घेत आहे.