ध्यास आणि हव्यास



आपल्या मुलांच्या तोंडी एक शब्द सारखा येतो, पॅशन. कुणाला क्रिकेटचे, कुणाला गिटारचे. आपण मोठी माणसे 'त्याने पोट भरत नाही' म्हणून विषय संपवतो. गंमत अशी, की हा शब्द ख्रिस्तसभेत फार जुना आहे. गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत आपण उभे राहून ऐकतो, त्यालाही इंग्रजीत पॅशनच म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोसणे. ज्याच्यासाठी सोसायची तयारी आहे, ते खरे आवडीचे. बाकीचे नुसते हौसेचे. मराठीत आपल्याकडे त्यासाठी ध्यास हा शब्द आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. बद्रीनारायण बारवाले हे नाव जालन्यात कुणाला सांगावे लागत नाही. विद्यार्थिदशेत हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस पुढे बियाण्याच्या मागे लागला. सुरुवात भेंडीपासून. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' ही जात पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला तोंड देत होती, तिचे बी त्यांनी वाढवले. 1964 मध्ये जालन्यात महिको ही कंपनी उभी राहिली.

आज हे सोपे वाटते. पण त्या काळी शेतकरी बी विकत घेत नसे. चांगली कणसे निवडायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि पेरणीला काढायची, ही पिढ्यांची रीत. संकरित वाणाचे तसे चालत नाही. त्याच्या पिकातून राखलेले बी पुढल्या वर्षी पहिल्यासारखे येत नाही, दरवर्षी नवे घ्यावे लागते. अशा शेतकऱ्याला खिशात हात घालायला लावायचे, आणि तेही आपल्या कोरडवाहू मुलखात! एक हंगाम बी उगवले नाही तर पुन्हा त्या गावात तोंड दाखवता येणार नाही. ती जोखीम घेऊन ते वर्षानुवर्षे टिकले. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, 2001 मध्ये पद्मभूषण. जालन्यातल्या गणपती नेत्रालयाच्या उभारणीमागेही तेच होते. 2017 मध्ये त्यांचे निधन झाले. 2002 मध्ये आलेल्या बीटी कपाशीवरून झालेले वाद आपणांस ठाऊक आहेत. ते येथे सोडवण्याचे कारण नाही. थोर माणसाच्या कामालाही प्रश्न विचारले जावेत, एवढेच.

पण आम्हांला या गोष्टीत पुरस्कारापेक्षा शेतातली एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर ज्यांनी मजुरी केली आहे त्यांना 'क्रॉसिंग' माहीत आहे. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, तिचे पुंकेसर अलगद काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल तिच्यावर फिरवून खुणेचा दोरा बांधायचा. एकेक कळी, तीही हाताने. अंगठ्याची नखे झिजतात, मान धरते. हे काम बरेचसे आपल्या आयाबहिणीच करतात, आणि त्यांना कुणी पद्मभूषण देत नाही.

मग प्रश्न येतो. ज्या बाईला हा रोजगार सुटला तर चूल पेटणार नाही, तिला ध्यासाचे प्रवचन काय द्यायचे? आम्हांला वाटते, द्यायचे नाही, तिच्याकडून घ्यायचे. तिचा ध्यास कपाशीत नसतो. तो शाळेत बसलेल्या मुलीत असतो. काम आवडीचे नसेल, पण ज्याच्यासाठी ते केले ते माणूस जिवाचे असते, आणि तेवढ्यावर ती हंगाम काढते. लूकच्या नवव्या अध्यायात येशू निर्धाराने जेरुसलेमच्या वाटेला लागतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक आहे. सुळाची आवड कुणाला असते? त्याचा ध्यास माणसांचा होता.

इथेच हव्यास वेगळा पडतो. दोन्ही शब्द कानाला सारखे, दोन्ही झोप उडवतात. हव्यासाला सगळे आपल्या कोठारात हवे असते. लूकच्याच बाराव्या अध्यायातला तो श्रीमंत शेतकरी आठवा, कोठारे मोडून मोठी बांधायला निघालेला. ध्यास घेतलेला माणूस मात्र बी मुठीतून सोडतो. मार्कच्या चौथ्या अध्यायातला पेरणारा बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि ते कसे वाढते हे त्याला कळत नाही. ज्याला रोज उकरून पाहायचे असते, त्याचे पीक येत नाही.

मुलांच्या बाबतीत आपण हेच उकरणे करतो. दहावीचा निकाल लागला की शेजारच्या मुलाने कुठे प्रवेश घेतला ते पाहून आपल्या मुलाची वाट ठरते. मग तो पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचे दुसरे, तिसरे, चौथे वर्ष काढतो. घरी फोन करणे कमी करतो. त्याच्यातले दान मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या चाकरासारखे त्याने पुरले, असे आपण म्हणतो. खड्डा कुणी खणला?

आज मिस्सानंतर घरी जेवायला बसाल, तेव्हा मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारा: कोणते काम करताना तुला भूक लागल्याचे कळत नाही? आणि त्यासाठी काय सोसशील? उत्तर पूर्ण ऐका. पगाराचा विषय जेवण होईपर्यंत काढू नका.