कोयता कुणाचा?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघायला लागलेले असतील. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, चार भांडी, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लेकरं. मागे राहतात ती म्हातारी माणसं. कुणी विचारलं, 'कुठं निघालात?' तर कारखान्याचं नाव सांगतात. कामाला कुणाकडे, असं विचारलं तर मुकादमाचं.

या दोन उत्तरांमधल्या फटीत आपला ऊसतोड कामगार गेली कित्येक दशकं अडकला आहे.

एका मुकादमाच्या ओसरीवर मी उचलीचा, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा, कागद पाहिला. स्टॅम्प पेपर होता, नोटरीचा शिक्काही होता. वर मुकादमाचं नाव, मधे रक्कम, खाली नवऱ्याचा अंगठा. रक्कम 'हातउसनी' घेतल्याचं लिहिलं होतं. ऊस, तोड, मजुरी, यातला एकही शब्द त्या कागदावर नव्हता. बायकोचं नावही नव्हतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल मिळते ती जोडीला, फडात पहाटेपासून वाकायचं दोघांनी. कागदावर मात्र एक कर्जदार आणि एक सावकार. नोकरीचा करार उसनवारीच्या कागदात गडप झाला की कामगार कायद्याला धरायला जागाच उरत नाही.

मुकादमाला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण तोही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचलतो, आणि एखादी टोळी पळाली तर बुडीत त्याच्याच अंगावर येतं. माणसं गोळा करणारा, आगाऊ पैसा देणारा, हजेरी ठेवणारा आणि भांडण मिटवणारा एकच असला, की त्याची सत्ता कशी वाढते हे मुंबईच्या गिरण्यांनी फार पूर्वी पाहिलं आहे. तिथे त्याला जॉबर म्हणत, बायकांच्या खात्यांत नायकीण. 1931 मध्ये व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही श्रम आयोगाने भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी असं सुचवलं. कामगार नेते ना. म. जोशी त्या आयोगावर होते. गिरणगावात जॉबरचं राज्य हळूहळू ओसरलं. उसाच्या फडात त्याच्या भावाचं अजून चालू आहे.

कारखान्यांची बाजू ठरलेली असते: ऊस शेतकऱ्याचा, मजूर मुकादमाचा, आमचा संबंध गेटवर उतरणाऱ्या मालाशी. हे मला पटत नाही. कोणत्या गावातला कोणता फड कधी तोडायचा हे कारखान्याचं शेती खातं ठरवतं. फडावर नोंद ठेवणारा चिटबॉय कारखान्याचा, वजनाचा काटा कारखान्याचा. आणि तोडणीचा दर? जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ झाली, टनाला 273 रुपये होते ते 366 झाले. टेबलाच्या एका बाजूला संघटना होत्या, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा साखर संघ. मजुरीची घासाघीस करायला जो बसतो, तो मालक नाही तर कोण?

कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्याने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला होता. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची. पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार ठेकेदाराने पुरवले नाहीत तर तेही मूळ मालकाने पुरवून खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा. म्हणजे मधल्या माणसाच्या आड लपायची सोयच ठेवली नव्हती. पण ही कलमं ऊसतोड कामगाराच्या कोपीपर्यंत, त्याच्या झोपडीपर्यंत, पोचायची तर आधी कुणीतरी 'हो, ही माणसं आमची' असं लिहून द्यावं लागत होतं.

ते कुणी लिहून देत नाही, त्याची किंमत बाईचं शरीर मोजतं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळी असो, ताप असो, बाळंतपण होऊन चार दिवस झालेले असोत. आडोसा नाही, पाणी नाही, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली: 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. त्यानंतर आरोग्य तपासण्या सुरू झाल्या, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ कामाला लागलं, ओळखपत्रं निघाली, वसतिगृहांच्या योजना आल्या. ही कामं हवीतच. पण खाडा कापणारी वही मुकादमाच्याच खिशात राहिली, तर तपासणीत बाईला विश्रांती लिहून देऊन उपयोग काय?

वाट आपल्याच राज्यात सापडलेली आहे. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांचेही मालक रोज बदलत, तिथेही टोळ्या होत्या. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याच्या नावातच रोजगाराचं नियमन आणि कल्याण हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार, दवाखाना. मालक शंभर असले तरी कामगाराची नोंद एकाच ठिकाणी.

उसालाही असं मंडळ का नको? उचल मंडळाने द्यावी, जोडीतल्या दोघांच्या दोन वेगळ्या खात्यांवर. टनाचा हिशेब काट्यावरून थेट मंडळाकडे जावा. मुकादमाने टोळी आणण्याचं कमिशन खुशाल घ्यावं, पण कर्ज आणि हजेरी त्याच्या हातून सुटावी. कारखाने म्हणतील, उचल घेऊन पळणाऱ्यांचं काय. मंडळाकडे नोंद असलेला माणूस एकाच हंगामात तीन मुकादमांकडून उचल घेऊ शकणार नाही, तेव्हा बुडीत उलट कमीच होईल.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. पण ऊसतोड कामगाराचा मालक कोण, हे आधी कुणीतरी कागदावर मान्य करायला हवं.

मागच्या हंगामात एका कारखान्याच्या काट्यावर मी वजनाची पावती हातात घेऊन पाहिली. शेतकऱ्याचं नाव होतं, गाव होतं, उसाची जात होती, वाहनाचा नंबर होता, वाहतूकदाराचं नाव होतं. ट्रॉलीशेजारी तो ऊस तोडलेली बाई उभी होती, पाण्याची बाटली शोधत.