सिंगल कॉलममधल्या बायका

बॉस्टनमध्ये बायकांचे गळे आवळून खून करणाऱ्या माणसावर १९६८ साली एक चित्रपट आला होता. खुन्याच्या भूमिकेत टोनी कर्टिस, तपासप्रमुखाच्या भूमिकेत हेन्री फोंडा. पडद्याचे तुकडे करून एकाच वेळी चार-चार दृश्यं दाखवण्याची त्यातली युक्ती तेव्हा बऱ्यापैकी नवी होती. चित्रपटात पोलीस आहेत, संशयित आहेत, वस्तूंना हात लावून गुन्हेगार ओळखतो म्हणणारा एक अतींद्रिय शक्तीवाला गृहस्थसुद्धा आहे. तो खरोखरच तपासासाठी बोलावला गेला होता, त्यामुळे त्याचं असणं चुकीचं नाही. नाहीत त्या लॉरेटा मॅकलॉक्लिन आणि जीन कोल. 'रेकॉर्ड अमेरिकन' या दैनिकाच्या या दोन बातमीदारांनी सुट्या सुट्या मृत्यूंची एक माळ ओवून वाचकांपुढे ठेवली होती. पडद्यावर यायला त्यांना २०२३ साल उजाडावं लागलं. मॅट रस्किनच्या 'बॉस्टन स्ट्रँगलर'मध्ये किरा नाइटली लॉरेटा झाली आणि कॅरी कून जीन. भोंदूबाबाला जागा मिळते आणि बातमीदार बाईला पंचावन्न वर्षं ताटकळावं लागतं, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

जून १९६२ ते जानेवारी १९६४ या काळात बॉस्टन आणि आसपासच्या गावांत तेरा बायका मारल्या गेल्या. सर्वात लहान १९ वर्षांची, सर्वात मोठी ८५ची. पहिल्या उन्हाळ्यातल्या सगळ्या जणी पंचावन्न किंवा त्यापुढच्या, एकट्या राहणाऱ्या. कुणी लॅटव्हियातून निर्वासित म्हणून आलेली शिवणकाम करणारी, कुणी निवृत्त परिचारिका. दार फोडल्याची खूण जवळपास कुठेच नाही. मारण्याचं साधन बहुतेक वेळा त्यांच्याच घरातलं: नायलॉनचे लांब मोजे नाहीतर गाऊनचा पट्टा. मारून झाल्यावर मानेभोवती त्याची फुलासारखी गाठ बांधलेली, भेटवस्तूच्या खोक्यावर रिबीन बांधतात तशी.

आज हा तपशील वाचला की कुणीही म्हणेल, यात न कळण्यासारखं काय होतं? पण सगळे मृत्यू एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर सुचलेलं हे शहाणपण आहे. तेव्हा असा कागदच नव्हता. एक खून बॉस्टनच्या हद्दीत, दुसरा लिन गावात, पुढे केंब्रिज, सेलम, लॉरेन्स. प्रत्येक गावाचं पोलीस खातं निराळं, फायली निराळ्या, आणि एकमेकांना माहिती देण्याची कुणालाच हौस नाही. राज्याचे ॲटर्नी जनरल एडवर्ड ब्रूक यांनी सगळ्या तपासांना एकत्र आणणारा वेगळा विभाग काढला तो १९६४च्या जानेवारीत, म्हणजे शेवटची बाई मारली गेल्यावर.

वर्तमानपत्रात हे मृत्यू येत होतेच. येत होते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जात होते. लॉरेटाने मारल्या गेलेल्यांपैकी चौघींवर लेखमाला लिहायचं सुचवलं, तेव्हा एका संपादकाने हरकत घेतली की या बायका म्हणजे कुणीच नव्हेत. त्यांच्यावर लेखमाला कशाला? हे तिने स्वतः तीस वर्षांनी लिहून ठेवलं आहे. तिचं म्हणणं नेमकं उलटं होतं. ज्यांच्याकडे पैसा नाही, ज्यांचं कुणाशी वैर नाही, ज्यांच्या मरण्याने कुणाचा फायदा नाही, अशा बायकांना कुणी का मारावं, हाच तर प्रश्न आहे. संपादकाला ज्या कारणाने बातमी दिसत नव्हती, त्याच कारणात तिला बातमी दिसली.

इथे 'बाईची नजर', 'सहावं इंद्रिय' असले शब्द लगेच हाताशी येतात. मला ते पटत नाहीत. त्यात कौतुक असतं, पण कामाचं श्रेय नसतं. त्या दोघींकडे धंद्याची अक्कल होती. जीन कोलने याआधी वेशांतर करून वृद्धाश्रमांतल्या गैरकारभाराच्या बातम्या काढल्या होत्या. एकट्या म्हाताऱ्या बाईचा दिवस कसा जातो, ती कुणाला दार उघडते, कुणावर विसंबून असते, हे तिने जवळून पाहिलेलं होतं. घरमालकाने नळ बघायला पाठवलंय असं सांगणाऱ्या माणसाला भाडेकरू बाई आत घेतेच, कारण नाही घेतलं तर नळ गळत राहतो आणि मालकाचे बोल ऐकावे लागतात. पोलीस पुढे ज्याला 'जबरदस्तीची खूण नाही' म्हणून गूढ मानत राहिले, ते अर्ध्या शहरातल्या बायकांच्या रोजच्या व्यवहारातलं होतं.

दुसरं कारण जरा कडू आहे. चित्रपटात लॉरेटाच्या वाट्याला टोस्टरचं परीक्षण येतं. गुन्हेगारीचं बीट पुरुषांचं, आणि बीटचा माणूस रोज पोलीस ठाण्यात चहा-कॉफी घेणारा. त्याची बातमी ठाणे अंमलदाराच्या नोंदवहीतून निघते आणि नोंदवहीत जो रकाना आहे त्याच रकान्यात छापून येते. चोरी असेल तर चोरी, अपघात असेल तर अपघात. बायकांच्या पानावर बसवलेल्या बाईला ठाण्याची मैत्री नसते, तशी ती तुटण्याची भीतीही नसते. डावललेल्या माणसाला कधी कधी हा एक फायदा मिळतो. अर्थात तो मिळावा म्हणून कुणाला डावलू नये!

वर्तमानपत्राने मग दोघींना कसं वापरलं, तेही बघण्यासारखं आहे. दोघी तिशी ओलांडलेल्या, लेकुरवाळ्या. पण मथळ्यात त्या 'पोरी' झाल्या, आणि लेखांबरोबर त्यांचे फोटो छापले गेले. खुनी मोकळा फिरत असताना त्याच्यावर लिहिणाऱ्या बायकांचे चेहरे छापायचे, यात शौर्य वर्तमानपत्राचं आणि जोखीम बायकांची. अंक मात्र खपले. शहरात कुलपं खपली, कुत्री खपली, तसे अंकही.

बॉस्टनमध्ये गळ्याभोवती मोजे होते, गाऊनचा पट्टा होता. मशहदमध्ये ते डोक्यावरचे रुमाल होते. इराणमधल्या या तीर्थक्षेत्री २०००-०१ मध्ये सईद हनाई नावाच्या बांधकाम मजुराने रस्त्यावर धंदा करणाऱ्या सोळा बायकांना त्यांच्याच रुमालाने गळा आवळून मारलं आणि आपण शहर साफ करतोय असं तो म्हणत राहिला. त्याची पाठ थोपटणारेही निघाले. रोया करीमी या पत्रकार बाईने त्याची तुरुंगात मुलाखत घेतली, ती मझियार बहारीच्या माहितीपटात आहे. पुढे २०२२च्या 'होली स्पायडर' या चित्रपटात माग काढणारी बातमीदार म्हणून एक काल्पनिक पात्र आलं आणि ते करणाऱ्या झार अमीर इब्राहिमीला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. त्या चित्रपटातल्या बातमीदाराला हॉटेलात खोली मिळवण्यापासून लढावं लागतं, कारण ती एकटी आलेली आहे. शिकार झालेल्या बायकांकडे आणि शिकाऱ्याचा माग काढणाऱ्या बाईकडे तिथलं जग एकाच संशयाने बघतं.

गोव्यात ओढणी होती. शिरोड्याचा रिक्षाचालक महानंद नाईक २००९ साली पकडला गेला आणि १९९४पासूनचे सोळा खून त्याच्या नावावर लागले. पंधरा वर्षं, आणि तीही गोव्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत काही तासांत जाता येईल अशा राज्यात. मुली गरीब घरच्या, लग्न लांबलेल्या. माझ्या घरच्यांना भेटायला येताना दागिने घालून ये, असं तो सांगायचा. मुलगी दागिन्यांसकट घरातून गेली की घरच्यांचा आणि पोलिसांचा तर्क एकच: पळून गेली. तक्रार झालीच तर 'बेपत्ता'. कुठे रानात मृतदेह मिळालाच तर 'अनोळखी'. बेपत्तांची यादी आणि अनोळखी मृतदेहांची यादी यांची कधी गाठच पडली नाही. त्याच वर्षी कर्नाटकात मोहन कुमार नावाचा शिक्षक पकडला गेला. हुंड्याशिवाय लग्नाचं वचन, एक रात्र लॉजवर, आणि सकाळी गर्भ राहू नये म्हणून 'गोळी', जी बस स्टँडच्या स्वच्छतागृहात जाऊन घ्यायची. गोळीत सायनाइड. दाराला आतून कडी. आतून कडी म्हणजे आत्महत्या, असा रकाना तयारच होता. वीस खुनांचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. 'दहाड' या मालिकेचं या प्रकरणाशी असलेलं साम्य उघड आहे, आणि ती 'बॉस्टन स्ट्रँगलर'च्याच वर्षी आली.

आपल्या वर्तमानपत्रांतल्या त्या सिंगल कॉलम बातम्या आठवून पाहा. अनोळखी महिलेचा मृतदेह, वय अंदाजे अमुक, अंगात निळी साडी, हातात हिरव्या बांगड्या, अकस्मात मृत्यूची नोंद, अधिक तपास हवालदार अमुक करीत आहेत. मजकूर इतका ठरलेला की उपसंपादक तो डोळे मिटून लावू शकतो. अशा बातम्या महिनाभर कापून एका वहीत चिकटवल्या तर काय दिसेल? बहुधा काहीच नाही. पण लॉरेटा आणि जीनने केलं ते एवढंच, आणि हे कंटाळवाणं काम चित्रपटात दाखवता येत नाही म्हणून तिथे भिंतीवर नकाशा, टाचण्या आणि रात्रीचा टेलिफोन येतो.

इथवर सगळं त्यांच्या बाजूचं झालं. पण या कथेला एक आडवं वळण आहे आणि रस्किनच्या चित्रपटाने ते टाळलं नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. अल्बर्ट डिसाल्व्हो याने १९६५ साली सगळ्या खुनांची कबुली दिली. मोजमाप घेण्याच्या बहाण्याने बायकांच्या घरात शिरणारा म्हणून तो पोलिसांना आधीपासून माहीत होता. पण त्याची नोंद घरफोड्या म्हणून होती, लैंगिक गुन्हेगार म्हणून नव्हे, त्यामुळे संशयितांच्या यादीत तो आलाच नाही. पुन्हा रकाना! कबुलीनंतरही या तेरा खुनांसाठी त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. १९६७ साली जन्मठेप झाली ती दुसऱ्याच अत्याचारांसाठी, आणि १९७३ साली तुरुंगात कुणीतरी त्याला भोसकून मारलं. कबुलीत चुका होत्या. काही प्रकरणं जुळत होती, काही नव्हती. शेवटी २०१३ साली डीएनए जुळला तो एकाच खुनाशी, १९ वर्षांच्या त्या शेवटच्या मुलीच्या.

म्हणजे बाकीच्या? पहिल्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या बायका मारणारा हात आणि नंतर तरुण मुली मारणारा हात एकच होता का, ही शंका तेव्हाही काही तपास अधिकाऱ्यांना होती. वर्तमानपत्रांनी गाठींपर्यंतचे तपशील छापले होते. ज्याला आपल्या नकोशा झालेल्या बाईचा काटा काढायचा आहे, त्याने मोज्याची गाठ बांधली की खून आपोआप दुसऱ्याच्या खात्यावर जमा. चित्रपट याच शक्यतेकडे झुकतो. ती खरी असेल, तर दोन बातमीदारांनी मेहनतीने ओवलेल्या माळेत भलतेच मणीही शिरले, आणि माळ आहे म्हणूनच ते खपून गेले.

मला ही बाब खुनी कोण, यापेक्षा महत्त्वाची वाटते. सुटे मृत्यू दिसत नाहीत म्हणून ते ओवावे लागतात. एकदा ओवले की 'स्ट्रँगलरचे बळी' असं नाव पडतं आणि त्या नावाखाली तेरा जणी पुन्हा कुणीच नसलेल्या होतात. आधी रकाने फार होते, आता एकच आणि तो अवाढव्य. गोव्यात याची दुसरी बाजू दिसली. पोलिसांना माळ सापडली, पण न्यायालयापुढे प्रत्येक खून सुटाच सिद्ध करावा लागतो, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी 'पळून गेली' म्हणून बंद केलेल्या फायलीत पुरावा कुठून यायचा? बहुतेक खटल्यांत नाईक सुटला, शिक्षा झाली ती मोजक्या प्रकरणांत. बातमीदाराने शोधलेलं साम्य आणि न्यायाधीशाला लागणारा पुरावा यांच्यामधला खड्डा कितीही चांगल्या लेखमालेने बुजत नाही. तो बुजायचा तर पहिल्या दिवशीचा हवालदार पंचनामा नीट करणारा हवा.

अशा मालिका बघणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात आणि त्यावरून त्यांची थट्टाही होते. जेवताना खून काय बघता, वगैरे. थट्टा करणाऱ्यांनी कधी रिक्षाचा नंबर बहिणीला मेसेज केलेला नसतो. गॅसवाला, मीटरवाला, कुरिअरवाला यांच्यासाठी साखळी लावूनच दार उघडणाऱ्या बाईला मशहद काय आणि बॉस्टन काय, परकं वाटत नाही. माझी तक्रार मालिका बनवणाऱ्यांबद्दल आहे. खुन्याचं बालपण, खुन्याची आई, खुन्याचे डोळे यांतून ते बाहेर आले ते शोध घेणाऱ्या नायिकेपर्यंत. तिचा नवरा कसा कुरकुरतो, मुलांच्या वाढदिवसाला ती कशी पोचत नाही, हे आता आपल्याला पाठ झालं आहे. मेलेल्या बाईच्या वाट्याला मात्र अजूनही कॅमेऱ्यासमोर पडून राहण्याचीच भूमिका येते. त्या लॅटव्हियन बाईने युद्धातून जीव वाचवून, समुद्र ओलांडून, शिवणकामावर पोरं वाढवली, हे एखाद्या भागाला पुरून उरेल. पण तो भाग अजून कुणी लिहिलेला नाही.

लॉरेटा पुढे 'बॉस्टन ग्लोब'मध्ये गेली. वैद्यकीय विषयांवर लिहिलं, गर्भनिरोधक गोळीवर संशोधन करणाऱ्या जॉन रॉक या डॉक्टरांचं चरित्र लिहिलं, आणि एड्सची साथ आली तेव्हा त्या रोग्यांवर सातत्याने लिहिलं. तेव्हाही हे लोक म्हणजे कोण, असं विचारणारे होतेच. या खेपेला मात्र ती बाई त्या वर्तमानपत्राच्या संपादकीय पानाची प्रमुख होऊनच निवृत्त झाली, म्हणजे काय छापण्याजोगं आहे हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तिची स्वतःची खुर्ची होती.