पगाराआधी जबाबदारी

कोल्हापुरात मिशनरी घरात १८६३ साली जन्मलेला रॉबर्ट वाइल्डर १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिराला गेला, तेव्हा त्याच्या मनात एक प्रतिज्ञापत्र घोळत होते. देवाची इच्छा असेल तर सुवार्तेसाठी परदेशी जायला मी तयार आहे, एवढाच त्याचा आशय. शिबिरातल्या अडीचशे विद्यार्थ्यांपैकी शंभरांनी तयारी दाखवली. पुढच्या वर्षभरात वाइल्डर आणि त्याचा सोबती जॉन फोरमन यांनी एकामागून एक कॉलेजे पालथी घातली, दोन हजारांच्या आसपास सह्या जमवल्या आणि १८८८ मध्ये स्वयंसेवक विद्यार्थी चळवळ रीतसर उभी राहिली. मिशनच्या इतिहासात एका हाकेसरशी इतकी तरुण माणसे क्वचितच उठली असतील. पुढे हजारो तरुण परदेशी गेलेही. पण सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेक जण जहाजावर चढलेच नाहीत. त्यात ढोंग शोधायचे कारण नाही. विशीतला उत्साह खराच असतो, फक्त तो टिकवून धरण्याचे बळ कागदात नसते. आजही युवा शिबिराच्या शेवटच्या रात्री दिवे मंद करून, गाणे चालू असताना हात वर करायला सांगतात. सोमवारी त्या हातांना काय काम द्यायचे, याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला नसतो.

यावर उत्तर म्हणून बायबल कॉलेजाकडे बोट दाखवले जाते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मंडळीचा इतिहास, थोडे ग्रीक, उपदेश कसा तयार करावा याचे तास, मग पदवी, मग नेमणूक. अभ्यासाला माझा विरोध नाही. त्याच्याविषयी पुढे बोलेन. पण तरुणाला घडवताना पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. शिकत असताना तो कोणाच्या हातचे खातो, कोणाला जबाब देतो, आणि चुकायची मुभा असलेले खरे काम त्याच्या हाती केव्हा येते, हे आधी ठरवावे लागते. येशूने बारा जणांना नेमले ते प्रथम आपल्याबरोबर राहण्यासाठी, असे मार्क सांगतो. आणि ते पुरते तयार होण्याच्या कितीतरी आधी त्यांना दोघे-दोघे करून गावोगाव पाठवले. झोळी नाही, भाकर नाही, कमरेला पैसा नाही. ज्या घरी उतरतील त्या घरच्यांच्या मर्जीवर जेवण. पुढे एका मुलाला बरे करण्यात ते भर लोकांत तोंडघशी पडले, घरात आल्यावर आम्हाला का जमले नाही म्हणून विचारू लागले, आणि तेव्हा त्यांना उत्तर मिळाले. आधी काम, मग फजिती, मग प्रश्न, शेवटी पाठ, असा हा क्रम आहे. आपल्या संस्थांनी तो नेमका उलटा लावला आहे.

हा उलटा क्रम आला कसा, ते अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात चांगले दिसते. या मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले. बाप्तिस्मा घेतलेला तरुण घरातून बाहेर पडे, वाटणीला मुके. दलित वस्तीतला असेल तर गावकीतले हक्क अडचणीत येत. त्याला शाळेत घालणे, मग शाळामास्तर, पुस्तकविक्या किंवा उपदेशक म्हणून पगारावर ठेवणे हाच माणुसकीचा मार्ग होता. मिशनऱ्यांना या बाबतीत सरसकट नावे ठेवणारे लेखक त्या तरुणाने दुसरे काय खायचे होते, हे सांगत नाहीत. पण व्हायचा तो परिणाम झाला. पगार मिशनच्या बंगल्यावरून येई म्हणून नजरही बंगल्याकडेच लागली. नेमणूक साहेबांची, बदली साहेबांची, कामाचा अहवालही साहेबांनाच. ज्या वस्तीत तो राहत होता, तिला त्याच्याविषयी काही म्हणायचे असेल तर विचारणारे कोणी नव्हते. या मिशनच्या बोस्टनमधल्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. गावोगावच्या मंडळ्या आणि त्यांचे देशी पाळक यांवर भर द्या, इंग्रजी शाळांचा पसारा आवरा, असा त्यांचा आग्रह होता. निदान बरोबर होते. गंमत एवढीच की स्वावलंबनाचा हा हुकूमही बोस्टनहूनच सुटला.

नारायण वामन टिळकांनी हे आतून पाहिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला आले, तिथल्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, पुढे मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन केले. मिशनशी त्यांचे वैर नव्हते, नगरचे मिशनरी ह्यूमसाहेब यांच्याविषयी तर आदरच होता. तरीही १९१७ साली, साठीकडे झुकताना त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. येशूच्या मागे जायचे आहे ना, मग चला, एवढीच अट. टिळकांनी मिशनच्या चाकोरीला पर्याय म्हणून जी वाट धरली, ती मराठी माणसाला परकी नव्हती. कीर्तनकार असाच तयार होतो: आधी मागे उभे राहून टाळ धरायचा, ध्रुपद झेलायचे, बुवांचा घसा बसला की एखादे आख्यान रेटून न्यायचे, श्रोत्यांच्या जांभया मोजायच्या. बुवा वर्गात शिकवत नाहीत, पण रात्री जेवताना चूक काढल्याशिवाय राहत नाहीत. नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन टिळकांच्या आधीच आपलेसे केले होते. कीर्तनाचा साज मंडळीत आला, माणूस घडवायची त्याची रीत मात्र दाराबाहेरच राहिली.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ही रीत वेगळ्या वाटेने आली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली उपाशी, आजारी आणि निरक्षर होत्या. त्यांना शिवण, विणकाम, शेती, छापखाना यांत घातले. मुक्तीतल्या १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीनंतर त्यातल्याच मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. ते बायबल छापून निघाले १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचे होते. एकेक अक्षर उलटे वाचत ओळ लावणाऱ्या बाईला शास्त्र किती कळले असेल, याची तुलना परीक्षेपुरती टिपणे पाठ करणाऱ्याशी करून पाहावी. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: मुक्तीचा पैसा बराचसा परदेशी देणगीचा होता. परदेशी समितीच्या लगामातून रमाबाई सुटल्या, परदेशी पैशातून नाही.

या रीतीचा सगळ्यात स्पष्ट पुरावा गोव्याचा आहे, आणि तो मराठी प्रॉटेस्टंट वाचकाला सहसा ठाऊक नसतो. युरोपीय धर्मसंघ देशी माणसाला आपल्यात घेत नसत, तेव्हा काही गोवेकर धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आपले स्वतःचे बिऱ्हाड मांडले. बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ १६८५ मध्ये त्यांच्यात आले आणि त्यांचे प्रमुख झाले. (या घरातही ब्राह्मण कुळाबाहेरच्यांना दार बंदच होते, हे विसरून त्याची आरती ओवाळू नये.) सिलोनच्या किनारपट्टीवर डचांचा अंमल, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात, अनवाणी, एका नोकर पोराला घेऊन समुद्र ओलांडून गेले. जाफन्यात ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत. ज्या घरातल्या माणसाची नजर त्या माळेवर खिळे, ते घर आपले, असा हिशोब. कँडीत पोर्तुगीज हेर समजून राजाने त्यांना कैदेत टाकले, तर तिथे ते सिंहली शिकले. गोव्याहून सोबती पोचायला जवळजवळ दहा वर्षे लागली. १६९७ च्या देवीच्या साथीत लोक आपल्याच माणसांना रानात टाकून पळत होते, तेव्हा वाझांनी रोग्यांना झोपड्या बांधून दिल्या आणि त्यांची उस्तवार केली. त्यानंतर बौद्ध राजाने त्यांना मोकळीक दिली. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस तिथे गेले आणि त्यांनी सिंहली व तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. ना कोणा युरोपीय संघाचे पाठबळ, ना पोर्तुगालचे सैन्य. आपल्या घराला बांधलेली माणसे, एकाच्या मागे दुसरा.

आता आक्षेप. पहिला असा की अभ्यासाशिवाय पाठवलेला तरुण काहीही बरळेल. आज कोणीही मोबाइलवर प्रवचन ऐकून उपदेशक होतो, त्यात आणखी भर कशाला? भीती खोटी नाही. पण वाझ अडाणी नव्हते, जेझुइटांच्या कॉलेजात शिकले होते. रमाबाईंची विद्वत्ता तर सांगायलाच नको. कामाला हात घातलेल्या माणसाला विद्येची भूक लागते. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लो हा आलेक्सांद्रियाचा वक्ता आहे, शास्त्रात पारंगत. त्याचे ज्ञान पुरे केले ते तंबू शिवणाऱ्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने, त्याला आपल्याकडे बोलावून. म्हणजे विद्वानालाही मंडळीतल्या घराची गरज पडली.

दुसरा आक्षेप जड आहे. अशी मोकळी घडण टिकत नाही, म्हणतात. टिळक १९१९ मध्ये वारले आणि दरबार मोडला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी याच वाटेवर १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. त्याच्या पुण्याच्या आश्रमात १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन हा तरुण आला, पुढे गोंडांत राहायला गेला आणि शेवटी चर्चमधूनच बाहेर पडला. हे खरे आहे, आणि ते झाकून शिष्यत्वावर बोलू नये. ज्याला खरी जबाबदारी दिली, त्याला निघून जायचेही स्वातंत्र्य दिले. येशूने स्वतः बारा जणांना, तुम्हीही जाता काय, असे विचारले होते. पगाराने बांधलेला माणूस जात नाही, पण तो राहतो म्हणजे मागे चालतो असे नाही. टिळकांच्या बाबतीत चूक निराळी होती: ते उतारवयात जे करू लागले, ते तिशीत करू दिले असते तर हाताखाली माणसे तयार होऊन दरबार पुढे चालवायला कोणीतरी उरले असते.

तिसरा आक्षेप मंडळीबाहेरचा: तुम्ही पोरांना धर्मांतराच्या मोहिमेसाठी तयार करता. हा आक्षेप रागाने झटकून चालणार नाही, कारण पगार, शाळा, धान्य आणि बाप्तिस्मा एकाच बंगल्यातून वाटले गेले, तेव्हा आमिषाचा संशय आपणच पेरला. दुष्काळातून आणलेल्या मुलीला कितपत निवड होती, हा प्रश्न मुक्तीलाही विचारला पाहिजे. पण या संशयाला सर्वांत सरळ उत्तर तोच उपदेशक देऊ शकतो, ज्याच्या हातात वाटायला काहीच नाही आणि ज्याचे जेवण तो ज्यांना भेटतो त्यांच्यावर किंवा स्वतःच्या कष्टावर अवलंबून आहे. कँडीच्या राजाला वाझांपासून मिळण्यासारखे काही नव्हते. म्हणूनच त्याने त्यांच्यावर विश्वास टाकला.

तेव्हा मंडळ्यांना विनंती इतकीच. मुलगा किंवा मुलगी सेवेला जाते म्हणाली की लगेच शिफारसपत्र लिहू नका. आधी वर्षभर तिला एखाद्या घरच्या प्रार्थनेची, एखाद्या आजारी म्हाताऱ्याची, शब्बाथ शाळेच्या एका वर्गाची जबाबदारी द्या, आणि दर आठवड्याला कोणातरी जाणत्याने तिच्यासोबत बसून ती कुठे चुकली ते बोलावे. ती स्वतःची भाकरी कमावत असेल तर ती नोकरी सोडायला लावू नका. नंतर कॉलेजात पाठवा, पण फी मंडळीच्या दशांशातून भरा, परदेशी खात्यातून नव्हे, आणि सुट्टीत ती परत येऊन त्याच मंडळीला जबाब देईल असे ठरवा. एवढे करायची तयारी नसेल, तर शिबिराच्या शेवटच्या रात्री हात वर करायला सांगू नका.