सोबतीचा जीव आणि चालण्याचा नेम

मुक्या जनावराला घरात आणून त्याला जीव लावणे हा धर्म की मोह, या प्रश्नाला भारतीय परंपरेने एकच उत्तर दिलेले नाही. हरणाच्या पाडसाच्या लळ्यापायी एका राजर्षीला पुढचा जन्म हरणाचा घ्यावा लागला असे भागवत सांगते, तर कुत्र्यावाचून स्वर्गही नको म्हणणाऱ्या राजाचा तो नकारच त्याच्या धर्मनिष्ठेची कसोटी ठरला असे महाभारत सांगते. या दोन कथा परस्परविरोधी वाटतात आणि बहुतेक वेळा आपापल्या सोयीने त्यांतली एकच सांगितली जाते. त्या शेजारी ठेवून वाचण्याची गरज आज घरोघरी निर्माण झाली आहे.

इगतपुरी तालुक्यातील घोटी हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, भाताच्या व्यापारावर वाढलेले बाजाराचे गाव असून तेथील घरांना जनावराची सोबत मुळीच नवी नाही. कातडीच्या तेलकटपणामुळे सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तग धरणारी डांगी गुरे, दुभती म्हैस, राखणीचा कुत्रा, भाताच्या कणगीभोवती उंदरांवर टपलेले मांजर, या साऱ्यांचे घरात स्थान होते, कारण त्यांचे काम ठरलेले होते, आणि त्या कामाची कृतज्ञता पोळ्याला नि वसुबारसेला पूजेच्या रूपाने व्यक्तही होत असे. काही काम न करणारे, केवळ सोबतीसाठी आणलेले पिल्लू ही मात्र अशा बाजारगावांच्या मध्यमवर्गीय घरातली अलीकडची गोष्ट आहे. त्याच घरात कोणीतरी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज अमुक पावले चालायचे ठरवलेले असते, आणि मग पिल्लाला फिरवणे व पावले पूर्ण करणे ही दोन कामे एकाच संध्याकाळी, एकाच दोरीच्या दोन टोकांना येतात. वरवर साध्या वाटणाऱ्या या जुळणीतच मूळ प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजा राज्य सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात तप करीत असतो. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेली गाभण हरिणी नदी ओलांडण्यासाठी झेप घेते, तिचा गर्भ प्रवाहात पडतो, ती मरते, आणि भरत त्या पाडसाला उचलून आश्रमात आणतो. येथवरच्या वर्तनाला ग्रंथ कोठेही दोष देत नाही, ही गोष्ट मोहाचा दाखला म्हणून ही कथा सांगणारे सहसा गाळतात. दोष हळूहळू शिरतो: पाडसाला खाऊ घालणे, लांडग्यापासून जपणे, खांद्यावर घेऊन फिरणे, पूजा अर्धवट टाकून ते कोठे आहे हे उठून पाहणे, आणि या क्रमात यम-नियम, म्हणजे अहिंसा-सत्यादी संयम आणि रोजच्या साधनेचे आचार, एकेक करून सुटत जातात. अंतकाळी त्याच्या मनात पाडसच असते, म्हणून त्याला मृगजन्म मिळतो. बारकाईने पाहिले तर भरताने पाडसाची सेवा अति केली असे म्हणण्यापेक्षा त्याने त्याला आपल्या रिकाम्या जागेत बसवले असे म्हणणे अधिक खरे आहे. राज्य, पत्नी, पुत्र ज्या जागेतून निघाले होते तीच जागा पाडसाने भरली. पाडसाला त्याची गरज होती, पण त्याहून अधिक गरज त्याला पाडसाची होती.

महाप्रास्थानिक पर्व हे महाभारताचे सतरावे पर्व. त्यात पांडव अखेरच्या प्रवासाला निघतात आणि एक कुत्रा आपणहून त्यांच्यामागे चालू लागतो. त्याला कोणी पाळलेले नाही, नावही दिलेले नाही. वाटेत द्रौपदी आणि चारही भाऊ एकेक करून पडतात आणि युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता चालत राहतो. पण इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही असे बजावतो, तेव्हा तो कुत्र्याला सोडायला साफ नकार देतो. भावांना सोडलेस आणि कुत्र्याला का सोडवत नाही, या इंद्राच्या प्रश्नावर त्याने दिलेले उत्तर या साऱ्या चर्चेचा गाभा आहे: ते मेले होते, त्यांना परत उठवणे हाती नव्हते, जिवंत असताना त्यांना सोडलेले नाही, हा मात्र जिवंत आहे आणि विश्वासाने मागे आलेला आहे. येथे प्रेमाचे मोजमाप होत नाही. आश्रिताचा, म्हणजे आपल्याच आधारावर उभ्या असलेल्या जिवाचा, हक्क मान्य केला जातो, आणि तो मान्य करताना चालण्याचे ध्येयही सुटत नाही. भरताचा प्रवास पाडसापाशी थांबला, युधिष्ठिराचा कुत्र्यासह शेवटाला गेला. दोन्ही कथांतला खरा भेद हा आहे.

मराठी संतपरंपरेत करुणेची उदाहरणे विपुल आहेत. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ प्रत्येक घरात माहीत आहेत. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांपासून पळालेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो आणि ते त्याला शिकाऱ्यांच्या हवाली करत नाहीत, याच पंथाने अटन, म्हणजे एके जागी न रमता पायी फिरत राहणे, साधकाच्या आचारात बसवले, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. तरीही या साऱ्या भेटी वाटेवरच्या आहेत. गाढव पाणी पिऊन गेले, ससा सुटून गेला. गृहस्थाकडचे पिल्लू मात्र दहा-बारा वर्षे राहते, त्याला रेबीजची लस टोचावी लागते, कानामागचे गोचीड काढावे लागतात, घोटीच्या पावसाळ्यात चिखलाने भरलेले चार पाय दिवसातून तीनदा पुसावे लागतात. स्मृतींनी गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ, म्हणजे आपल्या जेवणापूर्वी कुत्रा, कावळा, मुंगी आदी जिवांसाठी अन्न काढून ठेवणे, या दीर्घ जबाबदारीच्या अधिक जवळ जातो, कारण त्यात भावनेच्या भरतीची वाट पाहावी लागत नाही. मन असो वा नसो, घास रोज काढायचा असतो. त्याच धर्मशास्त्राने कुत्र्याचा स्पर्श अशुद्ध ठरवून त्याला उंबरठ्याबाहेर ठेवले ही त्याची उणीव होय, आणि आजच्या घरांनी ती उणीव दूर केली हे चांगलेच झाले.

आता पावलांविषयी. दहा हजार हा आकडा शास्त्रातून आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातच तो होता आणि तेथून तो जगभर पसरला. वृद्ध स्त्रियांच्या चालण्याचा 2019 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास असे दाखवतो की साधारण साडेसात हजार पावलांपुढे आयुर्मानाच्या दृष्टीने मिळणारा लाभ वाढेनासा होतो. म्हणजे आकडा हा संकल्पाला दिलेला आधार आहे, त्याहून अधिक पवित्र काही नाही. चालण्याचा नेम या भागात जुनाच आहे: श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा होते, आणि घोटीचे कळसूबाई मित्र मंडळ नवरात्रात रोज 1,646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शिखरावर जाण्याचा नेम पाळत आले आहे. अशा नेमात चालणाऱ्याचे लक्ष स्वतःबाहेर, देवीकडे किंवा डोंगराकडे असते, तर फोनवरचा आकडा लक्ष पुन्हा स्वतःकडेच वळवतो.

पिल्लू तो आकडा मोडते. भाताच्या खाचराच्या बांधावर ते नाक खाली घालून थांबते, एकाच गवताच्या झुबक्याभोवती तीनदा फिरते, पुढे जाऊन परत तेथेच येते. कुत्र्याच्या दृष्टीने हे वास घेणे म्हणजेच फिरणे असते, आणि दोरीला हिसका देऊन त्याला पुढे ओढणारा माणूस त्याला व्यायामाचे साधन करून टाकतो. प्राण्यांबाबतची कर्तव्ये ही वस्तुतः माणसाबाबतचीच अप्रत्यक्ष कर्तव्ये आहेत, म्हणजे प्राण्याशी क्रूर वागू नये ते स्वतःच्या ठायी क्रौर्य रुजू नये म्हणून, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट मानत असे. शोपेनहाउअरने या मतावर कडाडून टीका केली, आणि फ्रँकफुर्टमध्ये रोज नेमाने फिरायला जाताना सोबत असणाऱ्या आपल्या पूडल कुत्र्यांना तो ‘आत्मा’ म्हणत असे. उपनिषदांच्या भाषांतरांवर पोसलेल्या त्या तत्त्वज्ञाने दारातल्या कुत्र्याला जे नाव दिले, ते उपनिषदे पाठ असणाऱ्या येथल्या शास्त्र्यांना सुचले नाही, याची खंत वाटावी.

आकडा मोडू देणे म्हणजे नेम सोडणे नव्हे. ठरलेल्या वेळी बाहेर पडावे, ठरलेला वेळ चालावे, आणि त्या वेळात किती पावले पडली हे दोघांच्या चालीवर सोपवावे, असा नेम युधिष्ठिराच्या वाटेला अधिक जवळचा आहे. सुट्टीच्या सहलींनाही हीच दृष्टी लावावी लागते. बारी गावातून कळसूबाईला चढताना लोखंडी शिड्या लागतात. त्यांच्या पायथ्याशी कुत्रा अडतो, तेव्हा शिखर हुकले तरी घरातल्या एकाने त्याच्याजवळ थांबावे. बिबट्याचा वावर असलेल्या इगतपुरी तालुक्यात संध्याकाळी त्याला मोकळे सोडू नये. कावनईच्या कपिलधारेसारख्या तीर्थावर मंदिराच्या आवारात त्याला नेणे इतर भाविकांना रुचत नसेल, तर आळीपाळीने दर्शन घ्यावे. बाहेर दोरी धरून थांबलेल्याची सेवा रांगेतल्याहून उणी मानण्याचे काहीच कारण नाही.

याच तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे रामाने जटायूला अखेरचे पाणी दिले आणि त्यासाठी सर्व तीर्थे तेथे आणली, अशी श्रद्धा आहे. हाच मान आंध्रातील लेपाक्षीही सांगते. स्थळाचा निर्णय श्रद्धेवर सोडला तरी वाल्मीकींच्या अरण्यकांडातील वर्णन निःसंदिग्ध आहे: राम पक्ष्यासाठी चिता रचतो, पिंड देतो आणि गोदावरीत स्नान करून त्याला तिलांजली देतो, जसे आप्तासाठी करावे तसेच. कुत्रा किंवा मांजर गेल्यावर त्याचे सुतक काय पाळायचे, असे म्हणून हसणाऱ्यांना आणि अश्रू लपवणाऱ्यांना हा आधार पुरेसा आहे, कारण येथे शोक करणारा मोहात सापडलेला नाही. अंत्यविधी उरकून राम सीतेच्या शोधात पुढे चालू लागतो.