शंका लहान असतानाच

पेण तालुक्यात वाशी, वढाव, शिर्कीकडचा भाग खारेपाटाचा. एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे मातीचा बांध. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी या बांधाला येऊन भिडतं. पण बांध जातो तो दर वेळी लाटेच्या जोरानंच जातो असं नाही. पुष्कळदा सुरुवात होते ती खेकड्याच्या बिळापासून. बोटभर भोक असतं. भरतीचं पाणी त्यातून झिरपतं, आतली माती सैल करतं आणि एखाद्या उधाणाला खांड पडते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात धड होत नाही. म्हणून इथला जाणता शेतकरी ओहोटीला बांधावरून फेरी मारतो. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा घ्यायचा, आत दाबायचा, टाचेनं ठोकून घट्ट करायचा आणि पुढं चालू लागायचं. बीळ दिसलं म्हणून कुणी शेतीवर पाणी सोडत नाही. कुणाला त्याची लाजही वाटत नाही. बांध म्हटला की खेकडे आलेच.

देवावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र शंकेची फार लाज वाटते. मुलाच्या नोकरीसाठी वर्षभर प्रार्थना केली आणि काहीच हललं नाही. आईचं दुखणं औषधांनीही जात नाही, प्रार्थनेनंही नाही. मग धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून घरी येताना मनात येतं, देव खरंच ऐकतो ना? रविवारी उपासनेत आपण सगळ्यांबरोबर गीत गातो, आमेन म्हणतो आणि तो प्रश्न तसाच घरी घेऊन येतो. कुणाला सांगितलं तर आपला विश्वास कच्चा ठरेल, अशी भीती असते. देवालाही सांगत नाही. मग सकाळची प्रार्थना हळूहळू उरकल्यासारखी होते. काही दिवसांनी बायबल कपाटातून बाहेर निघेनासं होतं. एका रात्रीत कुणी देवापासून लांब जात नाही. न बोललेल्या शंकेपायी माणूस थोडा थोडा लांब जातो, आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

अशा वेळी मला बाप्तिस्मा करणारा योहान आठवतो. यार्देनच्या काठी त्यानं येशूला ओळखलं होतं आणि लोकांनाही दाखवून दिलं होतं. तोच योहान हेरोदाच्या तुरुंगात पडल्यावर डळमळला. आपण ओळखला तो खरोखर तोच ना, असं त्याला वाटू लागलं. मत्तयच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात ही हकिकत आहे. योहानानं ती शंका मनात कुढत ठेवली नाही आणि चार जणांत कुजबुजतही बसला नाही. आपल्या शिष्यांना त्यानं सरळ येशूकडे पाठवलं. ज्याच्याविषयी शंका होती, त्यालाच विचारलं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. येशू रागावला नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहताय, कानांनी ऐकताय ते योहानाला जाऊन सांगा, एवढंच त्यानं सांगितलं. पाहायला पुष्कळ होतं. आंधळे पाहू लागले होते, पांगळे चालू लागले होते, गरिबांपर्यंत सुवार्ता पोचत होती. तुरुंगाचं दार मात्र उघडलं नाही. योहानाचा अंत तिथेच झाला, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचे शिष्य पाठ फिरवतात न फिरवतात, तोच येशूनं गर्दीपुढे योहानाची थोरवी गायली. विचारलं म्हणून योहान त्याच्या मनातून उतरला नाही. आपल्या मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाईंच्या जिवाची झालेली तडफड त्यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, पण नवऱ्याच्या मागोमाग मान डोलावली नाही. सोवळं पाळलं, मनातल्या एकेका प्रश्नाशी स्वतः झगडल्या आणि 1900 मध्ये, आतून पटल्यावरच बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते पुरं करायला याच लक्ष्मीबाई बसल्या.

तेव्हा शंका आली तर घाबरू नका, फक्त ती लहान असताना देवापुढे ठेवा. सकाळी डबा भरून झाला, रोह्याची गाडी किंवा पेणची एसटी यायला थोडा वेळ आहे, तेवढा पुरे. सुंदर शब्द जुळवत बसू नका. ‘प्रभू, आईच्या या दुखण्यात तू कुठे आहेस ते मला दिसत नाही,’ असं आहे तसं सांगा. मग काल पाहिलेली एखादी चांगली गोष्ट आठवा आणि तीही त्याला सांगा. आईला रात्री चार तास झोप लागली असेल, शेजारच्या काकू न मागता पेज घेऊन आल्या असतील. योहानाला मिळालं ते उत्तर याच जातीचं होतं. आपल्या प्रश्नाचा उलगडा त्या दिवशी होईलच असं नाही, पण देवाशी बोलणं तुटत नाही, आणि विश्वासाला जगायला तेवढं लागतंच. आपल्याकडे पेण-रोह्यात ख्रिस्ती घरं तुरळक आणि लांब लांब. कुणाच्या मनात काय चाललंय ते सहज कळत नाही. यहूदाच्या लहानशा पत्रात, डळमळणाऱ्यांवर दया करा असं सांगितलं आहे. हल्ली उपासनेला न दिसलेलं एखादं घर तुम्हाला माहीत असेल. आज संध्याकाळी त्यांना फोन करा. उपदेश नको, कसे आहात एवढंच विचारा आणि ते सांगतील ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.