परसातला फलत्याग

नवरात्राचे घट बसले की श्रीरामपुरातल्या परसांमध्ये कामाला हात लागतो. पावसाळ्यात माजलेलं तण काढायचं, थकलेली भेंडी-गवार उपटायची, माती खणून काही दिवस उन्हात तापू द्यायची, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि वाफे बांधायचे. टोमॅटो, फ्लॉवर, वांगी यांचं बी आधी गादीवाफ्यावर टाकायचं, कारण रोप लावणीला यायला महिनाभर लागतो. मेथी-कोथिंबीर थेट वाफ्यात पेरायची. लसणाच्या पाकळ्या टोचल्या, तर गड्डा हाती यायला माघ-फाल्गुन उजाडतो. ज्या थंडीसाठी ही धडपड, ती अजून आलेली नसते. ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजत असतं आणि माणूस पौषाची व्यवस्था लावत असतो. मग फळाची आशा न धरता कर्म करावं, ही शिकवण मानणाऱ्याने परसबाग करायची कशी? भोगीच्या भाजीत घरचं गाजर आणि घरचा पावटा पडावा, एवढी इच्छा काढून घेतली तर ऑक्टोबरात कुदळ उचलायला कारणच उरत नाही.

हा प्रश्न या भागाला परका नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरवरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते, आणि तिथेच 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत उलगडली. त्या गीतेतला फलत्याग मात्र आपल्या बोलण्यात फार स्वस्त झाला आहे. ‘फळाचा विचार करू नकोस’ असा त्याचा सरसकट अर्थ सांगितला जातो. हा अर्थ गीतेलाच मान्य नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेविसाव्या श्लोकात फळाची इच्छा न धरता केलेलं कर्म सात्त्विक ठरवलं आहे. लगेच पंचविसाव्या श्लोकात तामस कर्म येतं: पुढे काय ओढवेल, किती नुकसान होईल, कुणाला इजा पोचेल, आपली ताकद किती, हे न पाहता मोहाने सुरू केलेलं. म्हणजे परिणामांचा विचार न करणं हा सद्गुण नसून तमोगुण आहे. दोन श्लोकांच्या अंतरावर असलेली ही दोन विधानं एकत्र वाचली, तर सोडायचं काय ते स्पष्ट होतं. फळाचा विचार करायचा, फळाची जबाबदारीही घ्यायची. सोडायचा तो फळावरचा दावा.

दावा का सोडायचा, याचं उत्तर उपदेशात शोधण्याची गरज नाही. तो दावा मुळात चुकीच्या हिशेबावर उभा आहे. त्याच अध्यायाचा चौदावा श्लोक कर्माची पाच कारणं मोजतो: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारची धडपड आणि पाचवं दैव. परसातल्या वाफ्याला हे तंतोतंत लावून पाहता येतं. माती हे अधिष्ठान, खुरपं आणि बी ही साधनं, खणणं-निंदणं-पाणी देणं ही धडपड. कर्ता पाचांतला एक. श्रीरामपूर पर्जन्यछायेत आहे. इथल्या स्वतःच्या पावसावर हिवाळ्यातली बाग फार तगत नाही. इथल्या शिवारातलं पाणी पुष्कळसं अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचं असतं. ते भंडारदऱ्याच्या धरणात साठतं आणि प्रवरेच्या कालव्यांतून खाली येतं. ते धरण 1926 मध्ये पुरं झालं. बांधणाऱ्यांपैकी आज कुणी नाही. आवर्तन कधी सुटणार, हे वाफा बांधणाऱ्याच्या हातात नाही. कार्तिकात चार दिवस आभाळ आलं आणि मावा पडला, तर तेही त्याच्या हातात नाही. अशा वेळी जानेवारीत भरलेल्या टोपलीकडे पाहून ‘हे मी पिकवलं’ म्हणणं म्हणजे पाच भागीदारांच्या धंद्यातला सगळा नफा एकट्याच्या नावे लिहिणं. फलत्याग ही त्या खातेवहीची दुरुस्ती आहे.

जबाबदारीचा हिशेब मात्र उलटा चालतो, आणि त्याचा पुरावाही याच मातीत आहे. कालव्याच्या पाण्याने हा भाग उसाने हिरवा केला, कारखानदारी आणली. त्याच पाण्याने, जिथे ते बेसुमार दिलं गेलं आणि निचरा झाला नाही, तिथे काळ्या जमिनी चोपण आणि खारवट केल्या. पाणी एकाच्या शेतात जास्त होतं आणि क्षार शेजाऱ्याच्या खोलगट शेतात वर येतात. कर्माचं फळ त्याच कर्त्याला, त्याच हंगामात मिळेल असा नियम माती पाळत नाही. परसातही तेच घडतं. रोज बादल्यांनी पाणी ओतणारा मुळं कुजवतो. कच्चं शेण घालणारा हुमणीला आमंत्रण देतो. मावा दिसताच जहाल औषध मारणारा त्या माव्यावर जगणारे ढालकिडेही मारतो, आणि ती भाजी चार दिवसांनी शेजारच्या घरात जाते. ‘मी फवारलं, पुढचं देवाच्या हाती’ हे वाक्य कानाला भक्तीचं वाटलं तरी पंचविसाव्या श्लोकाच्या कसोटीवर ते तामस आहे. निंबोळी अर्क की विष, वाफ्यावर पाचटाचं आच्छादन की रोजचं भरमसाट पाणी, हे निर्णय कर्त्याच्या वाट्याचे आहेत. ते दैवावर ढकलता येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप माणसाच्या स्वभावाचा आहे. दावा सोडला तर उत्साह कुठून येणार? ‘माझं’ म्हटल्याशिवाय कुणी पहाटे उठून पाणी घालत नाही, असं अनुभवी लोक सांगतील. त्याला उत्तर त्याच महिन्यातल्या एका रिवाजात आहे. घटस्थापनेला घराघरांत शेतातली माती आणून धान्य पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, कोंब किती वाढले ते कौतुकाने पाहतात. दसऱ्याला ते उपटले जाणार, त्यांना दाणा धरणार नाही, हे पेरतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. तरी त्या पाण्यात कुणी कुचराई करत नाही. घरातल्या सर्वांत जागरूक शेतीला पीकच नसतं. गीताही सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत ‘मी केलं’ न म्हणण्याच्या शेजारीच धृती आणि उत्साह ठेवते. दावा गेला की उत्साह जातो, ही भीती माणसाच्या वागण्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहा बाय दहाच्या वाफ्यावर हे तत्त्वज्ञान परवडतं; मेथी गेली तर बाजारात जुडी मिळते. पण ज्याचं वर्ष एका कांद्यावर उभं आहे, त्या शेतकऱ्याला फलत्याग सांगणं ही क्रूर थट्टा नाही का? हा आक्षेप अर्धा मान्यच करायला हवा. फलत्याग हा स्वतःला लावायचा नियम आहे. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला द्यायचा सल्ला नव्हे. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर पाच कारणांच्या यादीतच आहे. अवकाळी पाऊस दैवात मोडतो; भाव मोडत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि ज्या निर्णयाला सही लागते, त्याला दैव म्हणणं ही सही करणाऱ्याची सोय आहे. जे माणसांनी केलं, त्याचा जाब माणसांना विचारायचा असतो. श्रमाचं मोल मागणं आणि निसर्गाच्या वाट्यावर मालकी सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलत्यागाने दुसरीला नकार दिला आहे, पहिलीला नाही. उलट, दैव कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, ही रेघ नीट ओढल्याशिवाय न्यायाची मागणीही नीट करता येत नाही.

राहतो शेवटचा प्रश्न: दावा सुटला आहे, हे ओळखायचं कसं? भरलेल्या वाफ्याजवळ उभं राहून ते कळत नाही. पीक आलं की प्रत्येक जण उदार असतो. कसोटी आभाळ येऊन गेल्यावर लागते. टोमॅटोचं रोप माना टाकतं, वाटाण्यावर भुरी चढते, दीड महिन्याचे कष्ट दोन दिवसांत जातात. ज्याने फळ आपल्या नावावर लिहून ठेवलं होतं, तो त्या वाफ्याकडे पुढच्या दसऱ्यापर्यंत फिरकत नाही. दुसरा रोगट झाडं काढून दूर टाकतो, कारण शेजारच्या परसात भुरी जाऊ नये ही जबाबदारी त्याचीच असते. मग माती हलवतो आणि मेथी टाकतो. मेथी महिनाभरात निघते. फलत्याग झाला की नाही, हे त्या दुसऱ्या पेरणीवरून कळतं.